पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर किती विसंबायचं?

फेब्रुवारी 2025मध्ये सोनीने माहिती नोंदवण्याच्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. पॅनासॉनिकने त्याआधी दोन वर्षं, फेब्रुवारी 2023मध्येच, त्यातून अंग काढून घेतलं होतं. नोएडाची मोझर बेअर ही एके काळी कोऱ्या सीडी-डीव्हीडी बनवणाऱ्या जगातल्या अगदी मोठ्या कंपन्यांपैकी एक होती; 2018 साली ती अवसायनात निघाली. नव्या लॅपटॉपला डिस्कचा ट्रे नसतो, आणि त्याची चौकशी करणारे गिऱ्हाईकही आता विरळाच. तरीही साधारण 1998 ते 2012 या काळातलं आपलं पुष्कळ काम अजून डिस्कवरच पडून आहे. करसल्लागारांच्या कपाटातले टॅलीचे डेटा, डीटीपीवाल्यांकडची पुस्तकं आणि दिवाळी अंक, फोटोग्राफरकडची लग्नं, हौशी नाट्यसंस्थांची चित्रीकरणं, शाळांचे निकाल हे सगळं त्यात आलं. त्यातल्या बऱ्याच डिस्क ‘आरडब्ल्यू’, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या आहेत. म्हणून या माध्यमाचा हिशेब आता नीट मांडायला हवा.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. बॅकअप आणि जतन ही दोन वेगळी कामं आहेत. आज रात्री मशीन बसलं तर उद्या सकाळी काम सुरू व्हावं, यासाठी बॅकअप लागतो. वीस वर्षांनी कुणी मागितलं तर जसंच्या तसं काढून देता यावं, यासाठी जतन लागतं. आरडब्ल्यू डिस्क पहिल्या कामाला उत्तम होती आणि दुसऱ्याला कधीच योग्य नव्हती. आपल्याकडे बहुतेकांनी ती दुसऱ्या कामासाठी वापरली.

यामागचं कारण डिस्कच्या पोटात आहे. एकदाच लिहायच्या सीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लेसरने तो एकदा भाजला की पूर्ववत होत नाही. 1997 साली आलेल्या सीडी-आरडब्ल्यूमध्ये त्या जागी चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू असतो. लेसरने त्यातला एखादा ठिपका क्षणभर पाचशे ते सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की तो वितळतो आणि लगोलग थंड होतो. त्या घाईत अणूंना ओळीत बसायला वेळच मिळत नाही, ते अस्ताव्यस्त गोठतात, आणि तिथून उजेड कमी परततो. हे झालं लिहिणं. तोच ठिपका दोनशे अंशांच्या आसपास जरा वेळ धरला की अणू पुन्हा रांगेत येतात, स्फटिक तयार होतो आणि जागा कोरी होते. हे झालं पुसणं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांनी 1960च्या दशकात अशा पदार्थांवर केलेल्या कामात याचं मूळ आहे. साधारण हजार वेळा ही उलटापालट चालते, असं उत्पादक सांगत.

म्हणजे आरडब्ल्यू डिस्क ही पाटी आहे, आणि पाटीवर दस्तऐवज ठेवत नाहीत. इथे तर लिहिलेली अवस्था हीच मुळी धातूची अस्वस्थ अवस्था असते. स्फटिक होऊन स्थिर बसणं हा त्याचा स्वभाव, आणि उष्णता त्या स्वभावाला मदत करते. उन्हातल्या अतिनील किरणांचा आरडब्ल्यूला सीडी-आरइतका त्रास नाही, कारण त्यात रंगद्रव्य नाही. उष्णतेचा मात्र जास्त आहे. उजेड परतण्याचं प्रमाणही मुळातच कमी असतं. कारखान्यात छापलेल्या सीडीवरून सत्तर टक्के किंवा जास्त उजेड परततो, तर आरडब्ल्यूवरून 15 ते 25 टक्के. त्यामुळेच जुने सीडी प्लेअर आणि सुरुवातीचे ड्राइव्ह आरडब्ल्यू डिस्क ओळखतच नसत. ड्राइव्हची लेन्स थोडी मळली तरी आधी वाचेनाशी होते ती हीच.

तरीही 1990च्या दशकाच्या अखेरीस ही डिस्क हातात आली तेव्हा ती मोठी सोय वाटली, आणि ते खोटं नव्हतं. फ्लॉपीत 1.44 एमबी मावे. झिप डिस्कमध्ये 100 एमबी मावत, पण त्यासाठी समोरच्याकडेही झिप ड्राइव्ह लागे. सीडी-आरडब्ल्यूवर 650 किंवा 700 एमबी मावत आणि लिहिताना काही बिनसलं तरी डिस्क फुकट जात नसे. सीडी-आरच्या सुरुवातीच्या काळात ही मोठीच धास्ती होती. लिहिता लिहिता संगणकाकडून माहिती येण्यात खंड पडला की डिस्क वाया. 2000 साली सान्योचं ‘बर्न-प्रूफ’ तंत्र आलं, तसंच इतरांचंही आलं, आणि ही भीती संपली. तोवर रायटर चालू असताना माउसला हात लावायचा नाही, असा अलिखित नियम पुष्कळ कार्यालयांत होता.

पुढे डीव्हीडीने 4.7 जीबी दिले, आणि सोबत गोंधळही दिला. पायोनियरच्या गोटातून आलेली डीव्हीडी-आरडब्ल्यू आणि फिलिप्स-सोनी-एचपी यांच्या गोटाची डीव्हीडी+आरडब्ल्यू या दोन्हींमध्ये ‘उणे’ आणि ‘अधिक’ यांची भांडणं काही वर्षं चालली. दोन्ही चालणारे ड्राइव्ह आले आणि वाद मिटला; त्यावर आता जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते डीव्हीडी-रॅमबद्दल. 1998मध्ये बाजारात आलेली ही डिस्क बॅकअपसाठीच जन्माला आली होती, असं म्हणायला हरकत नाही. आधी एका बाजूला 2.6 आणि नंतर 4.7 जीबी. पुनर्लेखन हजार नव्हे, लाखभर वेळा. लिहिलेलं लगेच वाचून पडताळायचं आणि खराब जागा सापडली तर तो तुकडा राखीव जागेत हलवायचा, ही व्यवस्था तिच्या रचनेतच होती. सुरुवातीच्या डिस्क तर प्लॅस्टिकच्या बंद पेटीत येत, म्हणजे बोट लागायचा प्रश्नच नाही. उघडी डीव्हीडी-रॅम उजेडात तिरकी धरली तर पृष्ठभागावर बारीक चौकटींची नक्षी दिसते, ती तिच्या विभागांची खूण. जपानमध्ये ती घरगुती रेकॉर्डरमध्ये भरपूर चालली. आपल्याकडे एलजीच्या ‘सुपर मल्टी’ ड्राइव्हवर तिचं चिन्ह छापलेलं असे, म्हणजे हजारो लोकांकडे तिला लिहिणारं यंत्र होतं. पण डिस्क महाग आणि दुकानात दुर्मीळ. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलं की शंभर सीडींचा स्पिंडल समोर ठेवला जाई, तिथे डीव्हीडी-रॅमची विचारणा कोण करणार? पुनर्लेखनाच्या सगळ्या डिस्कमध्ये विश्वासाला सर्वांत पात्र तीच होती, आणि सर्वांत कमी वापरली गेली तीच.

ब्लू-रेच्या बीडी-आरईचं थोडक्यात सांगता येईल. एका थरात 25 जीबी, दोन थरांत 50, पुढे तीन थरांत 100. तंत्र चांगलं, थर टणक, पण ती घराघरांत पोचेपर्यंत एक टेराबाइटच्या हार्ड डिस्क स्वस्त झाल्या होत्या. एक टेराबाइट म्हणजे चौदाशेहून जास्त सीडी, दोनशेहून जास्त डीव्हीडी किंवा चाळीस ब्लू-रे. सामान्य माणूस चाळीस डिस्क बदलत बसणार नाही. फेसबुकने 2014मध्ये दहा हजार ब्लू-रे डिस्कचं, एक पेटाबाइट क्षमतेचं कपाट दाखवलं होतं. त्यात डिस्क बदलायला यंत्र होतं.

आता सर्वांत जास्त नुकसान कशाने झालं तिकडे वळतो. डिस्कइतकाच दोष लिहिण्याच्या पद्धतीचा होता. आरडब्ल्यूवर दोन तऱ्हांनी लिहिता येई. एका पद्धतीत सगळ्या फाइली निवडायच्या, एका दमात लिहायच्या आणि सत्र बंद करायचं. दुसरीत डिस्क आधी फॉरमॅट करायची आणि फ्लॉपीसारखी वापरायची. फाइल ओढून टाका, पुसा, पुन्हा टाका. अडॅप्टेकचं आणि नंतर रॉक्सिओचं ‘डायरेक्ट सीडी’, नीरोचं ‘इनसीडी’ ही या दुसऱ्या, पॅकेट पद्धतीची सॉफ्टवेअर. विंडोज व्हिस्टापासून ती विंडोजमध्येच आली. कोरी डिस्क टाकल्यावर ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’ की ‘सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी’ असा जो प्रश्न आजही विचारला जातो, तो याच दोन पद्धतींचा आहे.

पॅकेट पद्धत सोपी, म्हणून लोकप्रिय. पण तिच्यात 700 एमबीच्या डिस्कवर पावणेसहाशेच्या आसपासच जागा उरे, कारण पॅकेटांच्या सांध्यांत बरीच जागा जाई. फाइलींची यादी जिथे असते ती जागा दर बदलाला नव्याने लिहिली जाई, म्हणजे झीजही तिथेच सर्वाधिक. आणि वीज! 2005नंतरची काही वर्षं मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राने तासन् तासांचं भारनियमन सोसलं आहे. यूपीएसची बॅटरी दमलेली असायची आणि यादी लिहिली जात असतानाच दिवे गेले, की फाइली डिस्कवर शाबूत असूनही त्यांचा पत्ता हरवलेला असे. दुसऱ्या संगणकावर तेच सॉफ्टवेअर किंवा त्याचा वाचक नसेल, तर धडधाकट डिस्कही कोरी दिसायची. ‘आरडब्ल्यू भरवशाची नाही’ ही ख्याती पसरली, त्यात धातूइतकाच या पद्धतीचा वाटा आहे. बॅकअपसाठी पहिली पद्धतच बरोबर होती. डिस्क पूर्ण पुसावी, सगळं एकदम लिहावं, सत्र बंद करावं, आणि लिहिलेलं मूळ फाइलींशी पडताळून घ्यावं. 4एक्स वेगाने 80 मिनिटांची डिस्क लिहायला वीस मिनिटं, पडताळणीला आणखी थोडी. तेवढा वेळ पुष्कळांनी दिला नाही.

शिस्तीने वापरणारेही होते आणि त्यांची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. एखाद्या डीटीपी कार्यालयाचं उदाहरण घेऊ. सोमवार ते शुक्रवार पाच आरडब्ल्यू डिस्क, प्रत्येकीवर वाराचं नाव. त्या त्या दिवशी संध्याकाळी ती डिस्क पुसून दिवसाचं काम लिहायचं. शनिवारसाठी पहिला, दुसरा, तिसरा, चौथा आठवडा अशा आणखी चार. महिनाअखेरीला मात्र आरडब्ल्यू बाजूला ठेवायची आणि एकदाच लिहायच्या सीडी-आरवर दोन प्रती काढायच्या, एक कार्यालयात, एक मालकाच्या घरी. ही आजोबा-वडील-मुलगा अशी तीन पिढ्यांची रचना मोठ्या संगणकांच्या टेप-काळापासून चालत आली आहे. तिचा खरा फायदा असा की बुधवारी बिघडलेली फाइल शुक्रवारी लक्षात आली तरी मंगळवारची डिस्क शाबूत असते. एकच आरडब्ल्यू रोज पुसून लिहिणाऱ्याकडे तोवर बिघडलेल्या फाइलीचाच बॅकअप उरलेला असतो. वाराची डिस्क वर्षाला 52 वेळाच लिहिली जाते. हजारची मर्यादा गाठायला एकोणीस वर्षं लागतील. म्हणजे झिजण्याची भीती इथे नाहीच.

मराठी मजकुराच्या बाबतीत एक अडचण अशी आहे, जिचा इंग्रजीत काम करणाऱ्यांना कधी विचार करावा लागला नाही. त्या काळातली आपली पुस्तकं आणि अंक पेजमेकरमध्ये, श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये जुळवलेले असत. हे फाँट युनिकोड नव्हते. प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपापल्या परीने देवनागरीचे तुकडे बसवले होते. त्यामुळे डिस्क उत्तम वाचली गेली, फाइल उघडली, पण तो फाँट मशीनवर नसला, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेसळ दिसते. त्यात काही सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकवर चालत. तो लॉक हरवला किंवा त्याचं पोर्टच नव्या मशीनला नसलं की मजकूर तुमचा असून वाचता येत नाही. म्हणून अशा कामाच्या बॅकअपमध्ये पेजमेकरची फाइल, वापरलेले सगळे फाँट, जोडलेली चित्रं आणि अंतिम पीडीएफ हे चारही एकत्र असायला हवे होते. जुन्या डिस्क चाळताना ज्यांनी पीडीएफ ठेवली त्यांचं काम आज वाचता येतं, बाकीच्यांना फाँट शोधत फिरावं लागतं. फाइलींची नावंही आठ अक्षरांत कोंबलेली सापडतात, कारण डिस्कच्या मूळ आयएसओ 9660 रचनेच्या साध्या पातळीला तेवढीच चालत. मायक्रोसॉफ्टच्या ‘जोलिएट’ने 64 अक्षरांपर्यंत आणि देवनागरीतही नावं शक्य केली होती, पण ते वापरायचं धाडस कुणी फारसं केलं नाही.

डिस्क टिकतात किती? अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑक्टोबर 2003मध्ये फ्रेड बायर्स यांनी लिहिलेली मार्गदर्शिका काढली. तिच्यात उत्पादकांचे अंदाज दिले आहेत. एकदाच लिहायच्या डिस्कसाठी 100 ते 200 वर्षं, पुनर्लेखनाच्या डिस्कसाठी 25 वर्षं किंवा जास्त. कोऱ्या डिस्कचं आयुष्य तर 5 ते 10 वर्षंच धरलेलं आहे. हे अंदाज नीट सांभाळलेल्या डिस्कचे. सांभाळणं म्हणजे काय, तर 4 ते 20 अंश सेल्सिअस आणि 20 ते 50 टक्के आर्द्रता. वर्षभर या दोन्ही मर्यादांत राहील असं गाव महाराष्ट्रात शोधून सापडायचं नाही. विदर्भातला मे महिना पंचेचाळीस अंशांना जातो, आणि कोकणातल्या जुलैत कॅमेऱ्याच्या लेन्सवरसुद्धा बुरशी धरते. 1998 साली लिहिलेल्या आरडब्ल्यूची पंचवीस वर्षं 2023मध्येच भरली, आणि तीसुद्धा थंड, कोरड्या खोलीतली.

हाताळणीतला एक मोठा गैरसमज अजूनही आहे. लोक चकचकीत बाजू जपतात आणि नावाची बाजू कशीही टाकतात. सीडीत खालचं 1.2 मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक पुष्कळ ओरखडे सोसतं, आणि चूक दुरुस्त करणारी आकडेमोड लहान ओरखडे भरूनही काढते. पण माहितीचा थर नावाच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. बॉलपेनने जोर देऊन लिहिलं, चिकटवलेलं लेबल सोलून काढलं, की तो थरच निघतो. डीव्हीडीत तो दोन पातळ पत्र्यांच्या मधे असल्यामुळे तेवढा सुरक्षित.

हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, क्लाउड यांनी हे सगळं मागे टाकलं ते योग्यच झालं. पण डिस्कचे दोन गुण आपण सोडायला नको होते. एक, ड्राइव्हमधून काढलेली डिस्क कुठल्याही व्हायरसच्या हाताला लागत नाही. 26 एप्रिल 1999ला ‘सीआयएच’ने हार्ड डिस्कवरचा डेटा उद्ध्वस्त केला, मे 2017मध्ये ‘वॉनाक्राय’ने फाइलींना कुलूप घातलं. आज रॅन्समवेअर आलं तर कायम जोडून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्कही त्याच कुलपात जाते. दुसरा गुण, डिस्क सहज दुसऱ्या जागी नेता येते. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तळमजले बुडाले. 21 जून 2012ला मंत्रालयाला आग लागली. मशीन आणि बॅकअप एकाच खोलीत असतील तर अशा दिवशी दोन्ही एकदम जातात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1चा नियम हेच सांगतो. प्रती तीन, माध्यमं दोन, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी.

क्लाउडवर डोळे झाकून विसंबणंही बरोबर नाही. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथल्या ओव्हीएचच्या डेटा सेंटरला 10 मार्च 2021ला आग लागली, तेव्हा वेगळा बॅकअप न ठेवलेल्या ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर 2023पासून काढून टाकू लागलं आहे. कुटुंबातला माणूस गेल्यावर त्याच्या खात्यातल्या फोटोंचा विचार या संदर्भात करून पाहावा. शिवाय क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमधून फाइल पुसली की ती वरूनही पुसली जाते. कचरापेटीची मुदत संपल्यावर तिचा पत्ता लागत नाही.

आता ज्यांच्याकडे अशा डिस्क आहेत त्यांच्यासाठी. जुनी आरडब्ल्यू टाकल्यावर विंडोजने ‘फॉरमॅट करायची का’ असं विचारलं तर कधीही होकार देऊ नका. डिस्क कोरी नसते, यादी वाचली गेलेली नसते. आधी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसा; गोल फिरवू नका. एका ड्राइव्हने नाही वाचली तर दुसऱ्यावर लावा. जुन्या मशीनमधला मूळ रायटर मिळाला तर तो आधी, कारण ज्याने लिहिलं तो पुष्कळदा वाचूही शकतो. तरीही नाही जमलं तर आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर जुनी सत्रं आणि हरवलेली यादी शोधतं, आणि लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वाचता येईल तेवढा भाग उचलून उरलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. निघालेलं दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक घराबाहेर. मराठी मजकूर असेल तर फाँट आणि पीडीएफ तिथेच जोडा, आणि जमेल तेव्हा युनिकोडमध्ये उतरवून घ्या. खातेवह्यांची मुदतही पाहा. जीएसटीच्या कायद्याने त्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने आणि कंपनी कायद्याने आठ वर्षं ठेवाव्या लागतात. त्यापुढचं ठेवायचं की टाकायचं ते ठरवा, पण ठरवून टाका. टाकताना डिस्क कात्रीने कापा, कारण झटपट पुसल्यावर फक्त यादी जाते, मजकूर तिथेच राहतो.

यूएसबीने जोडायचा डीव्हीडी रायटर अजून दुकानात मिळतो. तो घ्या आणि यंदाच्या पावसाळ्याआधी कपाट रिकामं करा. आपल्या घरी अशा डिस्क नसतील, तर गावच्या वाचनालयात, शाळेत, नाट्यसंस्थेत जाऊन विचारा. तिथे नक्की असतील, आणि त्या उघडून पाहायला कुणी पुढे आलेलं नसेल.